पितरांचा पंधरवडा

मे महिन्यात शाळा बंद असते,
तेव्हा आमच्याकडे तारखाच तारखा.
दिवाळीचे चार दिवस सरतात न सरतात की तुळशीचं लग्न लागतं,
मग धम्मपाल घरी दिसतो तो
सकाळी दहाला, बँडच्या पँटीसकट झोपलेला.
ओठ सुजलेले.
चहाची बशीसुद्धा फुंकवत नाही त्याला.

मोकळा मिळतो तो भाद्रपदात.
लोकांचे पितर जेवायला येतात, लग्नं थांबतात,
गुलशन ब्रास बँडचे लाल कोट खुंटीला.
आमच्या घरी पितर येत नाहीत,
पण त्यांच्यापायी सुट्टी येते.
बरे आहेत सेलूतल्या सगळ्यांचे आजे-पणजे.

शाळेला त्याचं काय.
दुसरीचा वर्ग, घटक चाचणी तोंडावर,
आणि तौरबाईंचा नियम :
पालकांनी कारण लेखी द्यावं.
मी दिलं.
'माझी पाल्य श्रावस्ती हिस ताप असल्याकारणाने...'
हिस, कारणाने.
असले शब्द खोटं नीट धरून ठेवतात.
फिरायला जातो, असं लिहायला हात धजला नाही.
फिरायला जाणारी माणसं वेगळी असतात,
त्यांच्या बॅगांना चाकं असतात.

रात्री तिला म्हटलं, जरा खोकून दाखव.
'तापात खोकतात का?'
म्हणाली आणि झोपली.

पहाटेच्या गाडीत खिडकी तिची.
पूर्णा वाचलं, मुदखेड वाचलं,
भोकर वाचताना हसली, लोणचं आठवून.
हिमायतनगर एका दमात.
समोरच्या म्हातारीनं विचारलं, शाळा नाही का गं बाई आज?
'मला ताप आलाय,'
पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं तिनं.
म्हातारीनं तिच्या कपाळाला हात लावला,
मग माझ्याकडे पाहिलं,
मग पिशवीतून मूठभर भाजक्या शेंगा काढून
लेकराच्या ओट्यात टाकल्या.

सहस्रकुंडाला पैनगंगा लालभडक,
काळ्या दगडांवरून उड्या टाकणारी.
आधी घाबरली. मग आवाजात आवाज मिसळून
ओरडली, 'बाबा, हे कुणाच्या लग्नाचं वाजायलंय?'
त्याला दोनदा विचारावं लागलं.
ढोलाच्या बाजूचा डावा कान
दोन वर्षांपासून कमीच ऐकतो.
'कुणाच्याच नाही,' तो म्हणाला, 'आज सुपारी नाही.'
क्लॅरनेट घरी होतं, फडक्यात गुंडाळून.
पण कठड्याच्या गजावर त्याची बोटं
उघडमीट करत होती, कितीतरी वेळ,
आणि मी डबा उघडायचं विसरले.

तिघंही भिजलो. तुषारांनी, कपड्यांनिशी, टॉवेल नसताना.

परतीला मुदखेडच्या आत तिचं अंग तापलं.
एकशे दोन.
नवा अर्ज लागला नाही, जुनाच खरा झाला.
मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवताना
मी त्या 'कारणाने'ला शिव्या घातल्या,
धम्मपालला घातल्या,
पितरांना घालणार होते,
पण त्यांनी काय केलं होतं.

हजेरीत पाच लाल 'गै' पडले.
बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या,
त्या पाच दिवसांत सातचा पाढा झाला, तेवढा घरी घ्या.
बरोबरच आहे त्यांचं.
रोज संध्याकाळी घेते मी, कणीक मळता मळता.
सात पंचे पस्तीस म्हणते, सात सक बेचाळीस म्हणते,
सात साते... आणि थांबते.
डोळे भिंतीवर, जिथं काहीच नाही.

पलीकडच्या खोलीत तो कोटाची बटणं लावतोय,
नवरात्राच्या पहिल्या माळेला मिरवणूक आहे.
सांगायला पाहिजे तिला, एकोणपन्नास.
सांगते.
थोडं थांबून सांगते.